आबांच्या नावाचं माप

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी सुलक्षणाने बारचं कपाट उघडलं, तर आत बाटल्या होत्या आणि एक टॉवेल होता. बाकी सगळं गायब.

शेकर नाही, बर्फाची बादली नाही, चिमटा नाही. स्प्रिंग लावलेली गाळणी नाही, लांब दांडीचा चमचा नाही, जाड बुडाचे ग्लास नाहीत. आणि ते माप नाही. डमरूसारखं, एका बाजूने मोठा पेग, उलटं केलं की छोटा. तिने दार लावलं, परत उघडलं. टॉवेलच होता.

चोर आला असता तर त्याने बाटल्या नेल्या असत्या आणि भांडी ठेवली असती. बाटल्या ठेवून भांडी नेणारा चोर अख्ख्या पाचोरा तालुक्यात एकच, आणि तो या घरात सासू म्हणून नांदत होता.

"डिंपलताई, आई कुठे आहेत?"

नणंद ओट्यावरच्या झोक्यात बसून पायांच्या नखांना लाल पॉलिश लावत होती. सुरतेहून कालच आली होती, माहेरची आखाजी करायला. झोका हलू नये म्हणून एक पाय खांबाला लावून, दुसरा रंगवत. "माय? पाचोऱ्याला गेली. रिक्षा करून."

"आजच्या दिवशी? स्वयंपाक सोडून?"

"काम होतं म्हणे," डिंपल नखाकडे बघत म्हणाली. आणि डिंपल खोटं बोलताना नेहमी नखाकडेच बघायची.

सुलक्षणा आत गेली, खापरावर मांडा टाकला आणि तो जळेपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली.

ते कपाट म्हणजे मुळात सासऱ्यांचं, आबांचं शोकेस. तोताराम आबांनी आयुष्यात मिळवलेली एकुलती एक ढाल त्यात होती, दारूबंदीची. गावातल्या बायकांचं मतदान घडवून आणून आबांनी देशी दारूचं दुकान बंद पाडलं, त्याचा सत्कार. दुकान गेलं, ढाल आली. त्यानंतर गावातले पिणारे काही कमी झाले नाहीत, फक्त त्यांना पेट्रोल लागायला लागलं. सगळे हायवेवरच्या ढाब्यावर जायचे. आबांचा मुलगा अमृतही.

दिवाळीनंतर आबा गेले. आणि त्याच हिवाळ्यात अमृत ढाब्यावरून येताना मोटरसायकलसकट कुणाच्यातरी कपाशीत शिरला. सुलक्षणा घरून फोन लावत होती, फोन कपाशीत वाजत होता, आणि त्याचा मालक त्याच्यापासून हातभर अंतरावर मांडी मोडून पडला होता. उजाडल्यावर एका मेंढपाळाला रिंग ऐकू आली म्हणून सापडला. मांडीत सळई बसली. डॉक्टरांनी काठी दिली. अमृत काठी मोटरसायकलला आडवी बांधून परत ढाब्यावर जायला लागला.

तेव्हा सुलक्षणाने विचारच बदलला. पिणं थांबत नाही ना? मग रस्ता थांबवू.

जळगावला भांड्यांच्या एका मोठ्या दुकानात ती एकटी गेली होती. चाळीसगावच्या हायस्कूलमध्ये शिकलेली, दोन लेकरांना होस्टेलला घातलेली, डोक्यावर पदर घेतलेली बाई शेकर मागते म्हटल्यावर दुकानदाराने पंखा तिच्याकडे वळवला.

"हॉटेल टाकताय का ताई?"

"हो. घरातच."

"गिऱ्हाईक येईल का पण तिकडे?"

"एकच आहे. तेवढं टिकलं तरी बस."

फोनवर एक दाढीवाला पोरगा हिंदीतून हे सगळं शिकवायचा. कुठल्या ग्लासात काय, बर्फ मोठा का घ्यायचा, मिंटची पानं कुटायची नाहीत, नुसती दाबायची. सुलक्षणाने तो पोरगा पाठ केला. पहिल्या संध्याकाळी तिने दांडीच्या निमुळत्या ग्लासात लिंबाची साल वगैरे टाकून दिलं, तर अमृत ग्लास उजेडात धरून म्हणाला, "हे प्यायचं की कानात घालायचं?" दांडीचे ग्लास माळ्यावर गेले. कुटायचा लाकडी दांडका सासूने ठेच्यासाठी उचलला. जाड बुडाचे ग्लास मात्र त्याला आवडले. पहिला घोट घ्यायच्या आधी त्याने वर बघितलं. समोर आबांचा हार घातलेला फोटो.

"आबांसमोर नाही बसवत गं," तो म्हणाला होता.

तिने त्याच मिनिटाला फोटो काढून देवघराच्या खोलीत नेला. ढाल माळ्यावर टाकली. आबांचं जे जे म्हणून त्या भिंतीवर होतं ते सगळं हलवलं. आणि करार केला. मापाने दोन मोठे, शेव-कांदा ती देणार, गाडीची किल्ली तिच्याकडे. किल्ली ती तूरडाळीच्या डब्यात ठेवायची, तळाशी.

जमलं होतं. शिवरात्रीपासून आजपर्यंत अमृत दिवेलागणीनंतर फाटकाबाहेर गेला नव्हता. गावातल्या बायका म्हणायच्या, हिनेच नवऱ्याला बाटली लावली. म्हणोत. सुलक्षणा रात्रीची झोपायला लागली होती.

रिक्षा फाटकाशी थांबली. इंदिराबाई उतरल्या. एका हातात गोणपाटाची पिशवी, रिक्षाच्या सीटवर गवतात बांधलेल्या दोन मातीच्या घागरी.

"दोन कशाला आई?" सुलक्षणाने घागरी उतरवल्या. "पितरांची म्हणून आबांची एकच भरायची ना?"

"रस्तामा एक फुटी गयी ते?" इंदिराबाई म्हणाल्या. "कुंभार कोठे दखाना मंग?" आणि त्यांनी पिशवी ओट्यावर पालथी केली.

शेकर, बादली, चिमटा, गाळणी, चमचा, माप. सगळं लखलखत बाहेर आलं. आणि सगळ्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात एकच ओळ: 'कै. तोताराम जीवराम पाटील यांच्या स्मरणार्थ'.

"पितांबरकडथून नाव टाकी लई उनू," इंदिराबाई घाम पुसत म्हणाल्या. "बिननावनं भांडं घरमा ठेवू नही."

पितांबर म्हणजे पाचोऱ्याच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणारा. मशीन बरं असलं की तो काही सोडत नाही. बर्फाच्या बादलीवर त्याने आपल्या मनाने 'सप्रेम भेट' जोडलं होतं. चिमट्याच्या एका पायावर 'कै. तोताराम' आणि दुसऱ्यावर 'स्मरणार्थ'. बर्फ धरला की आबा आणि त्यांचं स्मरण एकमेकांना भेटणार. मापाच्या मोठ्या बाजूला आबांचं नाव, छोट्या बाजूला त्यांच्या वडिलांचं.

"ग्लास?" सुलक्षणाने कसंबसं विचारलं.

"काचवर मशीन चालत नही म्हने. एक फुटना." इंदिराबाईंनी पदराच्या गाठोड्यातून उरलेले काढले. "डिंपल! तुन्ही ती नखंसनी बाटली आन!"

डिंपल झोक्यावरून उतरलीसुद्धा.

या नावांच्या वेडामागे एक गडू होता. आबांचा रोजचा पाण्याचा तांब्याचा गडू दहाव्याला नदीवर गेला आणि भाऊबंदांच्या भांड्यांत मिसळून कुणाकडे तरी गेला तो गेलाच. इंदिराबाई चार दिवस दारोदार फिरल्या. गडूवर नाव नव्हतं. नाव असतं तर आला असता, हे त्यांनी मनात असं धरलं, की जणू आबांवरच नाव घालायचं राहिलं होतं. तेव्हापासून घरातल्या झाऱ्यालाही सुटका नव्हती. सुलक्षणाला हे माहीत होतं. म्हणून तर ती इतके दिवस गप्प होती.

आज ती गप्प राहिली नाही.

"आई, ही कसली भांडी आहेत माहीत आहे ना तुम्हाला?"

"मी काय येडी शे का? पेवानी शेतस."

"मग?"

"मंग काय." सासूने शेकर पदराने पुसला. आवाज एकदम खाली आला. "बापनं नाव दखी ते हात थांबी जाई त्याना."

तर हे होतं. सुलक्षणा ओट्यावर बसली.

"हात थांबेल हो आई. पण मग पाय सुटतील. त्याचं काय?"

"तू त्याले घरमा बठाडी पाजस," इंदिराबाई म्हणाल्या. "मी आज घागर भरसू, तवय आबाले काय सांगू? सून माप लई बठस म्हनी सांगू?"

"सांगा ना. तुमचा मुलगा जिवंत आहे म्हणूनही सांगा."

"माय बरोबर बोलते वहिनी," डिंपल पॉलिशची बाटली हलवत मध्ये पडली. "दादाला थोडी तरी शरम यायला पाहिजे की नाही? तू तर हॉटेलच उघडून बसली."

"ताई, तुम्ही दोन दिवसांनी सुरतेला जाल."

"म्हणजे मी परकी?"

सुलक्षणा मांडे करायला आत गेली. परत आली तेव्हा ग्लास उन्हात ओळीने वाळत होते. प्रत्येकावर लाल नेलपॉलिशने 'तो. पा.'. एकावर डिंपलने हौसेने फूलही काढलं होतं.

सगळ्या घरात तिच्या बाजूने एकच माणूस होता, तो म्हणजे डिंपलचा नवरा. नीलेशराव सुरतेहून निघाले की नवापूर ओलांडल्यावरच खरा श्वास घेतात, असं अमृत म्हणायचा. गुजरातेत त्यांना जे चोरून करावं लागायचं, त्याचं इकडे काचेचं कपाट होतं. काल आल्यावर त्यांनी त्या कपाटाला जवळजवळ हात जोडले होते.

"वहिनी, मनावर घेऊ नका," ते स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले. "नावाने काय होतं? शेकर तो शेकर. गळतो-बिळतो का एकदा बघून घेतो, हां? टेस्टिंग."

"अहो नीलेशराव, आज नको. पूजा आहे."

"पूजेला वेळ आहे."

तिच्या दोन्ही हातांत पीठ, मांडा खापरावर, डोळ्यांत धूर. नीलेशरावांनी माठातलं कैरीचं पन्हं शेकरमध्ये ओतलं, लुंगीच्या आडून आणलेली जिन ओतली, बर्फ कोंबला आणि खांद्यावर घेऊन असा हलवला की अंगणातली कोंबडी पळाली. तेवढ्यात बाहेरून डिंपलने हाक मारली. ते दचकले, शेकर स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला आणि आलो आलो करत निघून गेले.

आणि त्याच वेळी देवघरातून इंदिराबाई आल्या. घागरीवर ठेवायला गडू पाहिजे होता. ओट्यावर आबांच्या नावाचा, चकचकीत, झाकणासकट गडू तयार होता. हलवून बघितला तर आत पन्हंसुद्धा.

"अग बाई, सूनबाईनं भरी बी ठेवं," त्या म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा सुलक्षणाकडे मायेने बघितलं.

सुलक्षणाने मागे वळून पाहिलं तेव्हा दारात फक्त पदर दिसला.

देवघरात घागर भरून ठेवली होती. शेजारी आमरस, मांडे, सांजोऱ्या, कुरडया, खरबूज. समोर आबांचा फोटो. घागरीच्या तोंडावर शेकर. दुसरी घागर, न फुटता आलेली, कोपऱ्यात पालथी. अमृत पाटावर बसला होता, सळईचा पाय सरळ पुढे ताणून, त्यामुळे पूजा सांगणाऱ्या धनसिंग नानांना तिरकं बसावं लागलं होतं. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. माळकरी. चहासुद्धा पाप असल्यासारखा डोळे मिटून पिणारे.

बाहेर ऊन असं, की कावळेही बोलत नव्हते. शेकरमध्ये बर्फ. थोड्याच वेळात शेकरला घाम फुटला. थेंब आबांच्या नावावरून ओघळून घागरीवर पडायला लागले.

"दख, दख!" इंदिराबाईंनी तोंडाला पदर लावला. "आबा रडी राहिनात!"

डिंपलने हात जोडले. नीलेशरावांनी ते दृश्य बघितलं आणि त्यांच्या तोंडाचा रंग गेला. त्यांनी सुलक्षणाकडे बघितलं. सुलक्षणाला कळलं. तिने तोंड उघडलंही. नीलेशरावांनी लांबून, कुणाला दिसणार नाही असे, हात जोडले.

आता सांगायचं म्हणजे काय? आबांच्या पहिल्या घागरीवर, दारूबंदीवाल्या आबांच्या, दारू ठेवली आहे. जवाईने. आखाजीला. सासू तिथल्या तिथे कोसळेल. गडू हरवला तर चार दिवस जेवली नव्हती. सुलक्षणाने तोंड मिटलं. तिला वाटलं, दोन चमचे तीर्थ, संपेल.

इंदिराबाईंनी तीर्थाला पळी म्हणून काय घ्यावं? माप. "हाई पयी भलती सोयनी शे," म्हणत त्यांनी शेकरचं झाकण काढलं आणि छोट्या बाजूने एकेकाच्या तळहातावर ओतायला सुरुवात केली. अमृत प्यायला. थांबला. हळूच बायकोकडे बघितलं. त्याच्या मिशीखाली हसू हलायला लागलं. किती दिवसांनी. पुढे सरून तो तिच्या कानाशी बोलला, "आबा आज भलतेच मोकळे झाले गं."

तीही हसली. हसायला नको होतं, पण हसली. तेवढा एक क्षण बरा गेला.

नानांनी तीर्थ घेतलं, डोळे मिटले, उघडले. परत हात पुढे केला. "आखो दे वं वहिनी."

"आखो?"

"भलतं गोड लागनं."

इंदिराबाईंनी माप उलटं करून मोठ्या बाजूने दिलं. मग परत. सकाळपासून उपाशी, पंच्याहत्तरीचं शरीर, बाहेर आग. चौथ्या वेळी नानांनी तळहात बाजूला केला आणि मापच तोंडाला लावलं. मग त्यांची मान फोटोकडे वळली, डोळ्यांत पाणी आलं आणि ते बसल्या जागी गोल डोलायला लागले.

"मना गया कोरडा पडना," नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कालदिनथून कोरडा शे. पानी दे!"

घागर भरायची ती पितरांच्या तहानेसाठीच.

"आबा?" इंदिराबाई पुटपुटल्या. मग ओरडल्या, "आबा उनात! नानाना आंगमा आबा उनात!"

"माय, ऊन लागलं असेल नानांना," अमृत म्हणाला.

"गप बठ! बापसमोर बोलस?" त्यांनी उरलेला शेकर नानांच्या तोंडात रिकामा केला, गुडघ्यांवर बसल्या आणि कपाळ फरशीला लावलं. बाईने आयुष्यभर नवऱ्याला कधी काही विचारलं नव्हतं. आज विचारलं, पोराच्या पिण्याचं. "आबा, मना आंडोर कधी सोडी हो? एवढं सांगा. मंग जा."

नानांनी खूप विचार केल्यासारखं केलं. हातातल्या मापाकडे बघितलं. त्यावर भावाचं नाव वाचलं. त्यांचं रडं फुटलं.

"आजच सोडी!" नाना गरजले. "आज! मी सांगस!" आणि आडवे होऊन घोरायला लागले.

सगळ्यांनी त्यांच्या पाया पडून घेतलं. नीलेशरावांनी सगळ्यात आधी.

दुपारभर सुलक्षणाने दोन कामं केली. एक, नीलेशरावांना गोठ्यामागे गाठलं.

"तुम्ही सांगा आईंना. मी सांगितलं तर माझ्यावर येईल."

"आज नको वहिनी. सुरतेला पोचलो की फोनवर सांगतो."

दुसरं, डिंपलच्या पर्समधून रिमूव्हर घेऊन एक ग्लास पुसला. राखेने घासला, लिंबाने घासला, तरी वास राहिला. मापावरचं काही निघण्यातलं नव्हतं. तिने आबांच्या नावावर अंगठा धरून बघितला. 'कै.' आणि 'पाटील' दोन्हीकडून बाहेर राहत होते.

दिवेलागणीला अमृत नेहमीसारखा कपाटासमोरच्या खुर्चीत येऊन बसला. काठी भिंतीला टेकवली, फोन कपाटाच्या फळीवर ठेवला. आज मात्र तो एकटा नव्हता. इंदिराबाई दाराशी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. डिंपल नसलेली धूळ पुसत होती. नीलेशराव पेपर उलटा धरून वाचत होते. जागे झालेले नाना खाटेवर डोकं दाबून बसले होते आणि आबा गेले का, असं सारखं विचारत होते.

सुलक्षणाने बर्फ घेतला. चिमटा मिटला, आबांना स्मरण भेटलं. अंगठ्याखाली माप धरून ओतलं. ग्लास पुढे केला.

अमृतने तिचा अंगठा बाजूला सारला आणि नाव वाचलं. मग बादली वाचली. मग उठून कपाटातले ग्लास एकेक फिरवून बघितले. फुलवाला ग्लास जरा जास्त वेळ बघितला. त्याने भरलेला ग्लास उचलला, ओठांपर्यंत नेला, थांबला आणि खाली ठेवला.

"नको," तो म्हणाला. "पाणी दे."

इंदिराबाईंच्या हातातून माळ पडली. "सोडी! सोडी दिन्ही!" त्या उठल्या, पडल्या, परत उठल्या, पोराच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "आबानं सांगं, तसंच व्हयनं!" डिंपल रडत फोनवर सुरतेला सांगायला लागली. नाना घाबरून म्हणाले, "मी काय सांगं?"

एवढ्या गलक्यात अमृत फक्त पाणी पीत होता. सुलक्षणा त्याच्या पायांकडे बघत होती. त्याचा चांगला पाय फरशीवर ताल धरत होता.

"बसा ना," ती हळूच म्हणाली. "एकच घ्या."

"नको."

"मी साध्या चहाच्या कपात देते. त्याच्यावर काही लिहिलेलं नाही."

"वहिनी!" डिंपलने फोन बाजूला केला.

"दोनच्या जागी तीन घ्या. चार घ्या. मी काही म्हणत नाही." आवाज चढत होता, तिला कळत होतं, थांबत नव्हता. "अहो, बाटली घेऊन बसा. पण इथे बसा!"

"बघ माय," डिंपल म्हणाली. "बघ तुझी सून. दादा सोडतोय तर ही पाजतेय. तुला पाहिजेच का गं तो असा? पेलेला असला की तुझ्या मुठीत राहतो म्हणून?"

"ताई, आज कुणाच्या अंगात कोणी आलं नव्हतं. त्या पन्ह्यात दारू होती. नीलेशराव, सांगा ना!"

सगळे नीलेशरावांकडे वळले. नीलेशरावांनी पेपर सुलटा केला. बायकोकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आबांच्या शोकेसकडे बघितलं.

"साखर जरा जास्त होती," ते म्हणाले.

इंदिराबाईंनी सुलक्षणाकडे बघितलं. रागाने नाही. राग परवडला असता. "घागरवर आळ लेस?" एवढंच त्या म्हणाल्या.

अमृत उठला. काठी घेतली. "माय, जरा पान खाऊन येतो. चौकातून."

"पायी जा," सुलक्षणा म्हणाली. "मी येते सोबत."

"कसाले पायी?" इंदिराबाईंनी कमरेची पिशवी सोडली. आत मोटरसायकलची किल्ली होती, अजून तूरडाळीची पूड लागलेली. वरणासाठी डाळ काढताना सापडली असणार. "इतला दिन पोरले कैद्यासारखं ठेवं. जाय बेटा. मोकळा फिरी ये."

सुलक्षणा दारात आडवी झाली. तिने हात चौकटीला लावले. डिंपलने एक हात काढला. दुसरा अमृतने काढला, हळूच, बोटं एकेक सोडवून.

"आबांसमोर नाही बसवत गं," तो म्हणाला. फक्त तिला ऐकू येईल एवढंच.

फाटक वाजलं. गाडी दोनदा नाही म्हणाली, तिसऱ्यांदा लागली. सुलक्षणा फाटकाशी उभी राहिली. चौक डावीकडे होता, पानाची टपरीही. लाल दिवा उजवीकडे वळला, काठी मागे आडवी बांधलेली, केळीच्या बागेमागे गेला, परत दिसला, मग नाही. आवाज मात्र बराच वेळ येत होता. हायवेच्या ट्रकांत मिसळला तेव्हा तोही ओळखता येईना.

आत इंदिराबाई सगळ्यांना सांजोऱ्या वाटत होत्या. शेजारणी जमायला लागल्या होत्या. कपाटापाशी भरलेला ग्लास तसाच होता, बर्फ वितळून नेलपॉलिशचा वास येत होता. काहीतरी करायचं म्हणून तिने माप धुतलं, पुसलं आणि टॉवेलवर पालथं ठेवलं.

मग तिने फोन काढला आणि त्याला लावला. रस्त्यातच गाठावं. ढाब्यावर पोचायचं तर पोचू दे, पण सांगावं की एकटे परत निघू नका, मी घ्यायला येते, तिथेच थांबा.

रिंग वाजली. तिच्या पोटाच्या उंचीवर. अमृतचा फोन कपाटाच्या फळीवर, बर्फाच्या बादलीमागे, थरथरत गोल फिरत होता.

"सुलक्षणा!" देवघरातून सासूचा आवाज आला. किती महिन्यांनी एवढा आनंदी. "ती दुसरी घागर दखजो वं, कोनाना पाय लागी. माळ्यावर ठेवी दे. पुढला सालले कामे ई!"

सुलक्षणाने फोन कापला नाही. तो वाजत राहिला.